ऑनलाइन क्रेडिट घ्या, पण कोर्स कोचला निवडू देऊ नका

अमेरिकेत ओक्लाहोमा राज्यात अल्टस नावाचं एक छोटं शहर आहे. तिथल्या वेस्टर्न ओक्लाहोमा स्टेट कॉलेजचं नाव २०१२ साली अचानक देशभर गाजलं, आणि ते कुठल्या टीममुळे नाही तर तिथल्या दोन आठवड्यांच्या ऑनलाइन कोर्समुळे. दोन आठवडे म्हणजे शनिवार-रविवार सोडले तर दहाच दिवस, आणि दहा दिवसांत तीन क्रेडिट. मोठमोठ्या युनिव्हर्सिटींचे खेळाडू, ज्यांचा थोड्याशा क्रेडिटपायी अख्खा सीझन हुकणार होता, ते तिथे नाव नोंदवायचे, कोर्स उरकायचे, क्रेडिट आपल्या युनिव्हर्सिटीत ट्रान्सफर करून घ्यायचे आणि मैदानावर हजर.

आता जरा हिशोब करा. अमेरिकेत साधारण नियम असा की एक क्रेडिट म्हणजे आठवड्याला एक तास वर्ग आणि दोन तास घरचा अभ्यास, असे पंधरा आठवडे. म्हणजे तीन क्रेडिटच्या कोर्सला आठवड्याला नऊ तास, एकूण १३५ तास. हे दहा दिवसांत बसवायचं तर रोज साडेतेरा तास अभ्यास करावा लागेल, आणि तोही सकाळ-संध्याकाळ प्रॅक्टिस करून. हे कुठलाही माणूस करू शकत नाही, मग तो खेळाडू असो नाहीतर टॉपर. तरी क्रेडिट मिळत होतं आणि पलीकडची युनिव्हर्सिटी ते घेतही होती.

अशी उदाहरणं ऐकली की लोक लगेच म्हणतात, बंद करा हे ऑनलाइन क्रेडिट, निदान खेळाडूंसाठी तरी बंद करा. मला हे पटत नाही. मी स्वतः कॉलेजात शिकवते, खेळणारी मुलं दर वर्षी वर्गात असतात, आणि माझं स्पष्ट मत आहे की युनिव्हर्सिटीने ऑनलाइन क्रेडिट घेतलं पाहिजे. फक्त कुठला कोर्स चालेल, त्याची परीक्षा कशी होईल, क्रेडिट मान्य करायचं की नाही, यातलं काहीही अशा माणसाच्या हातात नको ज्याची नोकरी त्या खेळाडूच्या खेळण्यावर अवलंबून आहे. सगळा घोळ तिथे आहे, इंटरनेटमध्ये नाही.

तिथला नियम आधी समजून घ्यायला हवा, नाहीतर या तीन क्रेडिटसाठी एवढी धावपळ का हे कळणार नाही. एनसीएए ही तिथली कॉलेज स्पोर्ट्स चालवणारी मोठी संस्था. तिच्या डिव्हिजन वनमध्ये, म्हणजे सगळ्यात वरच्या गटात, खेळायचं तर दर सेमिस्टरला किमान सहा क्रेडिट पास व्हावे लागतात, आणि दुसरं वर्ष संपेपर्यंत डिग्रीचा ४० टक्के भाग, तिसरं संपेपर्यंत ६० टक्के, चौथं संपेपर्यंत ८० टक्के पूर्ण व्हावा लागतो. १२० क्रेडिटची डिग्री धरली तर ४८, ७२ आणि ९६. २००३ च्या सुमाराला हा नियम कडक केला कारण त्याआधी मुलं चार वर्षं खेळून मोकळी व्हायची आणि हातात डिग्री नसायची, तेव्हा हेतू चांगलाच होता. त्याच्या जोडीला टीमचाही एक अभ्यासाचा स्कोअर काढतात, एपीआर म्हणतात त्याला, तो ९३० च्या खाली गेला तर टीमला सीझननंतरच्या स्पर्धेत खेळता येत नाही. २०१३ मध्ये कनेटिकटची बास्केटबॉल टीम याच कारणाने राष्ट्रीय स्पर्धेबाहेर राहिली, आणि ती टीम दोनच वर्षांपूर्वी, २०११ मध्ये, चॅम्पियन होती.

म्हणजे एखादा मुलगा मे महिन्यात एका विषयात नापास झाला की ऑगस्टमध्ये तो अपात्र, त्याच्यासोबत टीमचा स्कोअर खाली, आणि टीम हरायला लागली की कोचची नोकरी जाणार. अशा वेळी त्या मुलाला कोर्स शोधून कोण देतं, तर अॅथलेटिक डिपार्टमेंट. त्यात बऱ्याच युनिव्हर्सिटींत बाहेरून आणलेल्या क्रेडिटचा ग्रेड तुमच्या जीपीएमध्ये धरतच नाहीत, नुसतं क्रेडिट जमा होतं, सी मिळाला तरी चालतं. मग चांगला कोर्स कोण शोधेल, लवकर संपणारा शोधतात. मुलाला दोष देऊन काय उपयोग, एकोणीस-वीस वर्षांचं पोर आहे ते, ज्यांच्यावर त्याचा भरवसा तीच मोठी माणसं त्याला हा रस्ता दाखवतायत.

आणि हे इंटरनेटच्या आधीपासून चालू आहे, हे लोक विसरतात. नव्वदच्या दशकात टेक्ससमधल्या बेलर युनिव्हर्सिटीत बास्केटबॉलच्या असिस्टंट कोचेसनी ज्युनियर कॉलेजातून (तिथे म्हणजे दोन वर्षांचं कॉलेज, आपली अकरावी-बारावी नव्हे) येणाऱ्या खेळाडूंना पोस्टाने चालणारे कोर्स लावले आणि त्यांचा गृहपाठ आणि परीक्षेची उत्तरं स्वतःच पुरवली. १९९५ मध्ये तीन असिस्टंट कोच कोर्टात दोषी ठरले, तेही मेल फ्रॉडच्या कायद्याखाली, कारण पेपर पोस्टाने गेले होते. पुढे सदर्न मिसिसिपी युनिव्हर्सिटीत तेच झालं, फक्त पोस्टाऐवजी ऑनलाइन. २०१६ मध्ये एनसीएएने निकाल दिला की तिथल्या हेड कोचच्या सांगण्यावरून स्टाफने सात खेळाडूंचं ऑनलाइन कोर्सचं काम स्वतः करून दिलं, का तर ती मुलं आल्या आल्या खेळायला पात्र व्हावीत. त्या निकालात कोचवर दहा वर्षांचा शो-कॉज लागला, म्हणजे त्या काळात त्याला नोकरीवर घेणाऱ्या कुठल्याही कॉलेजला एनसीएएला उत्तर द्यावं लागणार होतं. वीस वर्षांच्या अंतराने घडलेल्या या दोन्ही प्रकरणांत लबाडी पकडली ती कोचच्या स्टाफची.

आता कोणी म्हणेल की वर्गात बसून शिकवलं असतं तर असं झालं नसतं. त्यांनी नॉर्थ कॅरोलिना युनिव्हर्सिटीचं प्रकरण बघावं. चॅपल हिलला, त्यांच्या स्वतःच्या कॅम्पसवर, स्वतःच्या डिपार्टमेंटमध्ये १९९३ ते २०११ अशी अठरा वर्षं असे कोर्स चालले ज्यात वर्ग भरत नव्हता, प्राध्यापक नव्हता, शेवटी एक पेपर लिहून दिला की चांगला ग्रेड मिळायचा आणि तो ग्रेड ऑफिसातली एक कर्मचारी द्यायची. २०१४ च्या चौकशी अहवालात आलं की असे ३,१०० च्या आसपास विद्यार्थी होते आणि त्यातले जवळजवळ निम्मे खेळाडू. खेळाडूंच्या अभ्यासाची काळजी घेणारे सल्लागारच त्यांना तिकडे पाठवत होते. ना ऑनलाइन, ना ट्रान्सफर, एका नामांकित युनिव्हर्सिटीच्या ट्रान्सक्रिप्टवर रीतसर छापलेलं क्रेडिट. आणि २०१७ मध्ये एनसीएए काय म्हणाली तर आम्हाला कारवाई करता येत नाही, कारण हे कोर्स सगळ्याच विद्यार्थ्यांना खुले होते. हे वाचलं तेव्हा मला खरंच संताप आला होता, कारण त्या मुलांचं शिक्षण बुडालं आणि त्यासाठी एनसीएएकडून युनिव्हर्सिटीला काहीच शिक्षा झाली नाही.

मग ऑनलाइन हवंच कशाला, कॅम्पसवरच नीट शिकवा ना, असं विचारलं तर त्याचं उत्तर खेळाडूच्या आठवड्यात आहे. नियमाने सीझनमध्ये आठवड्याला २० तासच खेळासाठी घेता येतात. पण या २० तासांत प्रवास धरत नाहीत, आणि मॅचचा अख्खा दिवस फक्त तीन तास म्हणून मोजतात. त्यात २०२४ पासून नवीनच भर पडली. टीव्हीच्या पैशासाठी युनिव्हर्सिटींनी कॉन्फरन्स, म्हणजे आपापल्या लीग, बदलल्या, लॉस एंजेलिसची यूसीएलए बिग टेनमध्ये गेली जिथे न्यू जर्सीची रटगर्स आहे, आणि कॅलिफोर्नियाची स्टॅनफर्ड अटलांटिक कोस्ट कॉन्फरन्समध्ये, जिथे बॉस्टन कॉलेज आहे. म्हणजे लीगच्या साध्या मॅचसाठी देशाच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकाला विमानाने जायचं. फुटबॉलवाले आठवड्यात एक मॅच खेळतात, त्यांचं एकवेळ जमतं, पण व्हॉलीबॉल, सॉफ्टबॉलच्या मुलींनी काय करायचं, त्यांच्या मॅचेस आठवड्याच्या मधल्या दिवशीही असतात आणि त्यांच्यामुळे तर ही कॉन्फरन्स बदललेली नाही. मंगळवारी दुपारचं केमिस्ट्रीचं लॅब त्यांना कधीच जमणार नाही. म्हणून तिथे बऱ्याच टीम्समध्ये एकाच सोप्या विषयात डिग्री करणाऱ्यांची गर्दी दिसते. मुलीला इंजिनियर व्हायचं असतं, पण लॅबची वेळ आणि प्रॅक्टिसची वेळ एकच, मग सल्लागार म्हणतो दुसरा विषय घे. अशा मुलीने उन्हाळ्यात गावाकडच्या कॉलेजातून स्टॅटिस्टिक्स किंवा इंग्लिशचा ऑनलाइन कोर्स केला तर सीझनमध्ये तिला लॅबसाठी जागा होते. हे क्रेडिट नाकारून तुम्ही तिला नेमक्या त्या सोप्या विषयाकडे ढकलता ज्याबद्दल नंतर नाकं मुरडता.

अजून एक गोष्ट आहे जी बाहेरून दिसत नाही. आता तिथे खेळाडू एका कॉलेजातून दुसऱ्या कॉलेजात सहज जाऊ शकतात, २०२१ पासून एकदा आणि २०२४ पासून अभ्यासात पात्र असतील तर कितीही वेळा. प्रत्येक बदलीत काही क्रेडिट गळतात, कारण नवीन युनिव्हर्सिटी म्हणते हा विषय आमच्या डिग्रीत बसत नाही. तीन कॉलेजं फिरलेल्या मुलाकडे कागदावर भरपूर क्रेडिट असतात आणि तरी तो ६० टक्क्यांची अट पूर्ण करू शकत नाही, कारण अट डिग्रीला लागू पडणाऱ्या क्रेडिटची आहे. ही भोकं बुजवायला ऑनलाइन कोर्स लागतोच. कोच मुलाला एका फोनवर बोलावून घेतो, आणि त्याचे जुने क्रेडिट मान्य होणार की नाही हे मात्र सही केल्यानंतर महिन्या-दोन महिन्यांनी कळतं, हे चूक आहे. सही करायच्या आधी क्रेडिटचा लेखी हिशोब मुलाच्या हातात पडला पाहिजे, आणि तो रजिस्ट्रार ऑफिसकडून, कोचकडून नाही.

इथे आपल्याकडच्या आईबाबांसाठी एक गोष्ट मुद्दाम सांगते, कारण भारतातनं टेनिस, स्क्वॉश, गोल्फ, अॅथलेटिक्सची मुलं तिकडे स्कॉलरशिपवर जातात. सोमदेव देववर्मन व्हर्जिनिया युनिव्हर्सिटीकडून खेळून २००७ आणि २००८ असा लागोपाठ दोनदा एनसीएए चॅम्पियन झाला, तेजस्विन शंकरने कॅन्सस स्टेटकडून उंच उडीत २०१८ आणि २०२२ ला विजेतेपद घेतलं. त्यांच्यानंतर जाणाऱ्या मुलांच्या घरी पहिला प्रश्न असतो स्कॉलरशिप किती टक्के, आणि तो बरोबरच आहे, पण एक नियम विचारायचा राहून जातो: एफ-१ या विद्यार्थी व्हिसावरच्या मुलाला एका सेमिस्टरमध्ये एकच ऑनलाइन कोर्स, म्हणजे तीन क्रेडिटपर्यंत, फुल टाइम शिक्षणात धरता येतो. बारा क्रेडिट लागतात, त्यातले नऊ वर्गात बसूनच हवेत. टीममधला अमेरिकन मित्र चारही कोर्स ऑनलाइन घेऊन आरामात खेळत असेल, त्याचं बघून आपल्या मुलाने तसंच केलं तर खेळायची पात्रता राहील कदाचित पण व्हिसा अडचणीत येईल. उन्हाळ्याच्या सुट्टीत ही अडचण सहसा नसते, तेव्हा ऑनलाइन करायचं ते सुट्टीत करायचं. कोचला हे माहीत असेलच असं धरून चालू नका, इंटरनॅशनल स्टुडंट ऑफिसला ईमेल करून लेखी उत्तर घ्या.

काही लोकांचं अजून वेगळं म्हणणं असतं. २०२५ च्या जूनमध्ये तिथल्या कोर्टाने मान्य केलेल्या तडजोडीनंतर युनिव्हर्सिटी आता खेळाडूंना थेट पैसे देऊ शकतात, पहिल्या वर्षी एका युनिव्हर्सिटीला साधारण दोन कोटी पाच लाख डॉलरची मर्यादा ठरली. मग ते म्हणतात हे आता पगारी खेळाडूच झाले, अभ्यासाची अट काढून टाका, क्रेडिटचा प्रश्नच मिटेल. मला हे अजिबात मान्य नाही. या पैशातला मोठा वाटा फुटबॉल आणि पुरुषांच्या बास्केटबॉलला जातो. पाच लाखांवर मुलं एनसीएएत खेळतात, आणि एनसीएए स्वतःच सांगते की त्यातली दोन टक्केसुद्धा पुढे प्रोफेशनल होत नाहीत. पोहणारी, जिम्नॅस्टिक्स करणारी, लांब पल्ल्याचं धावणारी मुलं बावीस-तेविसाव्या वर्षी खेळ थांबवतात आणि त्यानंतर चाळीस वर्षं नोकरी करायची असते. त्यांच्याकडून अभ्यासाची अट काढून घेणं म्हणजे त्यांच्या हातात राहणारी एकमेव गोष्ट काढून घेणं. अट ठेवा, ती पूर्ण करायला खरे मार्ग द्या.

खरा मार्ग कुठला आणि खोटा कुठला, हे ओळखणं फार कठीण नाहीये. एनसीएएने शाळेच्या पातळीवर ते करून दाखवलंय. ब्रिघम यंग युनिव्हर्सिटीचे इंडिपेंडंट स्टडीचे कोर्स शाळकरी खेळाडू ग्रेड सुधारायला वापरायचे, थोड्या दिवसांत एक कोर्स करून जुना वाईट ग्रेड बदलून घ्यायचा. २०१० मध्ये एनसीएएने ते मान्य करणं बंद केलं आणि नियम केला की कोर्स ऑनलाइन असला तरी शिक्षक आणि विद्यार्थी यांच्यात नियमित संपर्क हवा आणि कोर्सला ठरलेला कालावधी हवा. ऑनलाइनवर बंदी घातली नाही, शिक्षक नसलेल्या कोर्सवर घातली. बरोबर तेच करायला हवं होतं. युनिव्हर्सिटीच्या क्रेडिटला असा एकच नियम नाही, प्रत्येक युनिव्हर्सिटी आपापलं ठरवते, आणि म्हणून दहा दिवसांची तीन क्रेडिट कुठे ना कुठे खपतात.

आता तर एआय आलंय. घरून करायचा गृहपाठ, चर्चेची पोस्ट, निबंध, क्विझ हे सगळं दुसऱ्याकडून करून घ्यायला पूर्वी निदान असिस्टंट कोच लागायचा, आता मोबाईल पुरतो. त्यामुळे ज्या कोर्सचे सगळे मार्क घरून केलेल्या कामावर आहेत त्याचं क्रेडिट कोणाचंच घेऊ नये असं माझं मत आहे, खेळाडू असो वा नसो. शेवटची परीक्षा सेंटरवर, ओळखपत्र बघून, समोर सुपरवायझर असताना झाली पाहिजे. एवढं पाळलं तर बाकी कोर्स मुलगी हॉस्टेलवर करते, बसमध्ये करते की विमानतळावर बसून करते याने काही फरक पडत नाही.

आणि याबाबतीत आपली स्थिती अमेरिकेपेक्षा चांगली आहे, हे आपल्या लोकांना माहीतच नसतं. आपल्याकडे स्वयम हे केंद्र सरकारचं ऑनलाइन कोर्सचं पोर्टल आहे, २०१७ पासून. आयआयटी आणि बंगलोरच्या आयआयएससीचं एनपीटीईएल त्याच्यावर कोर्स देतं, बारा आठवड्यांचा कोर्स केला तर तीन क्रेडिट, आठ आठवड्यांचा दोन, चार आठवड्यांचा एक. यात असाइनमेंटला २५ मार्क आणि परीक्षेला ७५, आणि ती परीक्षा घरी नाही, सेंटरवर जाऊन द्यायची, हॉल तिकीट आणि ओळखपत्र घेऊन. युजीसीच्या २०२१ च्या नियमांनुसार विद्यापीठ एका सेमिस्टरमधल्या ४० टक्क्यांपर्यंत विषय स्वयमवरून मान्य करू शकतं. त्याच वर्षी अकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्स आली, तिथे जमा झालेला क्रेडिट साधारण सात वर्षं टिकतो. म्हणजे दहा दिवसांत तीन क्रेडिटचा जो खेळ अल्टसला झाला तो या चौकटीत होऊच शकत नाही.

आपल्या खेळाडूंना याची किती गरज आहे ते बघा. बीड जिल्ह्यातल्या मांडव्याचा अविनाश साबळे बारावीनंतर सैन्यात गेला आणि पॅरिस ऑलिंपिकमध्ये स्टीपलचेसच्या फायनलपर्यंत पोहोचला. कोल्हापूरच्या कांबळवाडीचा स्वप्नील कुसाळे रेल्वेत टीसीची नोकरी करत नेमबाजी करत राहिला आणि २०२४ ला ब्राँझ घेऊन आला. साताऱ्याची आदिती स्वामी तिरंदाजीत वर्ल्ड चॅम्पियन झाली तेव्हा १७ वर्षांची होती. आपल्याकडे खेळाडू घडतो तो नेमका अठरा ते पंचवीस या वयात, आणि याच वयात आपली पद्धत त्याला म्हणते की रोज वर्गात बस, ७५ टक्के हजेरी भर, नाहीतर डिग्री विसर. पतियाळाच्या कॅम्पला गेलेली, सैन्यात किंवा रेल्वेत लागलेली मुलं पोटापाण्याचं बघायचं म्हणून डिग्री अर्धवट सोडतात. सात वर्षं टिकणारा क्रेडिट त्यांच्यासाठीच तर आहे. वर्षाला दोन विषय करा, कॅम्प संपला की परत या.

पण प्रत्यक्षात काय होतं ते मी जवळून बघितलंय. खो-खो खेळणारी एक मुलगी, आंतरविद्यापीठ स्पर्धेच्या तयारीत असतानाच तिने स्वयमवरचा बारा आठवड्यांचा कोर्स पूर्ण केला, कॅम्पवर रात्री मैत्रिणीच्या हॉटस्पॉटवर व्हिडिओ बघून. ती मराठी माध्यमातली, आणि तिथले बहुतेक कोर्स इंग्लिशमध्ये, त्यामुळे एक व्हिडिओ ती दोन-तीनदा लावायची आणि अवघड शब्द वहीच्या मागच्या पानावर लिहून ठेवायची. सेंटरवर जाऊन परीक्षा दिली, पास झाली. सर्टिफिकेटची कलर प्रिंट घेऊन, प्लास्टिकच्या फोल्डरमध्ये घालून ती एक्झाम सेक्शनच्या खिडकीवर गेली तर उत्तर मिळालं की हा कोर्स आपल्या सिलॅबसमधल्या कुठल्याच विषयाला समकक्ष धरलेला नाही, अभ्यास मंडळाची मंजुरी नाही, तेव्हा विषयाची परीक्षा परत द्यावी लागेल. तिने परत दिली. तिला कोणी आधी सांगितलंच नव्हतं, आणि सांगायला कॉलेजकडे यादीच नव्हती. नियम होता, पोर्टल होतं, फक्त मधला एक कागद कोणी केला नव्हता.

अमेरिकेत जे क्रेडिट घेऊ नये ते घेतलं जात होतं आणि आपल्याकडे जे घ्यायला हवं ते घेतलं जात नाही. दोन्हीकडे कारण एकच दिसतं मला, की कोर्स सुरू व्हायच्या आधी विषयाच्या शिक्षकाने त्याकडे बघून हो किंवा नाही म्हटलेलं नसतं. तिथे डिपार्टमेंट झोपलेलं असतं आणि अॅथलेटिक्सवाले जागे, इथे सगळेच झोपलेले.

आपल्याकडे ही मोकळीक वाढली की लबाडी येणार नाही असं मी म्हणत नाही. महाराष्ट्रात सरकारी नोकऱ्यांत खेळाडूंना ५ टक्के आरक्षण आहे आणि त्यासाठी बोगस क्रीडा प्रमाणपत्रांची प्रकरणं झालीच, कधी मैदानावर न उतरलेल्यांनी ट्रॅम्पोलिनसारख्या खेळाची सर्टिफिकेटं काढली आणि नोकऱ्या मिळवल्या. ज्या कागदावर नोकरी मिळते तो कागद विकायला कोणीतरी बसतंच. उद्या खेळाडूंसाठी म्हणून एखाद्या खाजगी पोर्टलचे ऑनलाइन क्रेडिट विद्यापीठाने मान्य केले, ज्यात परीक्षा घरून आणि सर्टिफिकेट पैसे भरून, तर तेच होईल. म्हणून खेळाडूंसाठी वेगळा सोपा नियम नको. नियम सगळ्यांना एकच ठेवा. सकाळी दुकानात काम करून दुपारी कॉलेजला येणारा मुलगा, लहान बाळ असलेली विद्यार्थिनी, कॅम्पवरचा पैलवान, तिघांनाही ऑनलाइन क्रेडिट त्याच अटींवर मिळालं पाहिजे. मात्र नॉर्थ कॅरोलिनात कोर्स सगळ्यांना खुले होते म्हणून युनिव्हर्सिटी सुटली, तेव्हा नुसतं खुलं ठेवून भागत नाही, दर्जा कोणीतरी तपासला पाहिजे. विद्यापीठाने दर वर्षी नावं न देता एवढं जरी जाहीर केलं की कुठल्या टीमच्या खेळाडूंनी कुठल्या पोर्टलवरून किती क्रेडिट आणले, तरी एकाच टीमचे सगळे जण एकाच कोर्सला गेले असतील तर ते पहिल्याच वर्षी दिसेल.

यावर खेळाडूंच्या बाजूचे काही लोक नाराज होतात, म्हणतात तुम्ही आमच्या मुलांवर संशय घेता. उलट आहे. आज खेळाडूने वर्गात चांगले मार्क मिळवले तरी चार जण म्हणतात, मिळाले असतील ग्रेसने. त्या खो-खोवाल्या मुलीने जी परीक्षा दिली तीच हजारो इंजिनियरिंगच्या मुलांनी दिली, तोच पेपर, तसाच सुपरवायझर. तिच्या मार्कांवर कोणाला बोट ठेवता येणार नाही. सोपा रस्ता दिला असता तर तिच्या खऱ्या अभ्यासालाही तोच डाग लागला असता.

एक अडचण मात्र खेळाडूंचीच आहे आणि तिथे वेगळा विचार लागेल, ती म्हणजे तारीख. स्वयमची परीक्षा ठरलेल्या दिवशी असते आणि स्पर्धेची तारीख संघटना ठरवते, कधी आठ दिवस आधी बदलते. दोन्ही एका दिवशी आलं की बारा आठवड्यांचं काम वाया. अशा मुलाला विद्यापीठाने स्वतःच्या सेंटरवर, तेवढ्याच मार्कांची, तशाच बंदोबस्तात दुसरी परीक्षा द्यावी, पेपर विषयाच्या शिक्षकाने काढावा आणि तपासायला बाहेरच्या परीक्षकाकडे जावा. समकक्ष कोर्सची यादी जून महिन्यात, अॅडमिशनच्या वेळीच, नोटीस बोर्डवर लागावी, म्हणजे खिडकीवरून कोणाला परत जावं लागणार नाही. आणि जिमखान्याच्या सरांनी फक्त एवढंच लिहून द्यावं की हा खेळाडू या तारखांना या स्पर्धेत खेळत होता, बाकी क्रेडिटच्या कुठल्याही कागदावर त्यांची सही लागायला नको.